घरचीच मुलगी

मामी, आज सकाळी मी एका मुलीला परत गावी पाठवलं. तुम्ही आज हयात असतात तर माझ्यावर चिडला असतात, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

माझी रजा संपली. सोमवारपासून मुलुंडच्या औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत हजर व्हायचं आहे, आणि बाळ अजून रांगतही नाही. पलीकडच्या चाळीतली एक आया यायला तयार होती. सकाळी येणार, संध्याकाळी जाणार, रविवारी येणार नाही. पण काल माझे चुलत दीर देवगडहून आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊनच दारात उभे राहिले. ती इथेच राहील, बाळ सांभाळेल, आम्ही तिला शाळेत घालायचं. गावातली शाळा चौथीपर्यंतच. "वहिनी, हिका फारसा खाऊक लागत नाय," ते म्हणाले. मी तिला विचारलं, पाढे येतात का? म्हणाली, "सत्तावीसचा म्हणू, की एकोणतीसचा?"

ह्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "तू कशी शिकलीस? मामीकडे राहूनच ना?"

"आयाला रविवार मिळतो. हिला कोण देणार?"

"रविवार कशाला हवाय? घरचीच मुलगी ती."

हा शब्द मी घाटकोपरला तुमच्या तोंडून ऐकला होता. माझा गणिताचा पेपर, आणि तुमच्या धाकट्याला ताप. मी दप्तर घेऊन दारात उभी आहे आणि तुम्ही म्हणता, "सुट्टी नोकरांनी मागावी. तू घरचीच ना गं?" तेवढ्यात तो रडायला लागला, काही केल्या थांबेना, आणि तुम्ही त्याला फाडकन मारलंत. तापलेल्या पोराला. मग त्याला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसलात. मी हलले नाही. मागे न बघता तुम्ही म्हणालात, "जा पेपरला." त्याच आठवड्यात मला नवी कंपासपेटी मिळाली, कशाबद्दल, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. तुमच्या घरात राहिले म्हणून पुढे कॉलेज झालं, ही नोकरी मिळाली. ते मी नाकारत नाही.

बाहेर येऊन मी सांगितलं, एवढ्या लहान मुलीला कामाला जुंपणं मला पटत नाही. आया ठरली. आज निघताना त्या मुलीने बाळाचं टोपडं सरळ केलं आणि विचारलं, "काकू, शाळा इथून दिसते काय?" दिसते, मी म्हटलं.

ह्यांना वाटतं, मी तत्त्वाला धरून राहिले. तसं नाही. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात बाळ दुपारभर रडत होतं आणि माझा हात वर गेला. मारलं नाही, पण गेला होता. आया संध्याकाळी आपल्या घरी जाते. ती मुलगी इथे राहिली असती, आणि काही न बोलता पाहत राहिली असती. मला ते नको होतं.