झुनूच्या अंगावरचं पुरळ

३ जून
पोचले एकदाची सासरी! चिलिका सरोवर एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. नावेतून पैलतीरच दिसेना. हे इथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे सून बघायला धक्क्यावर निम्मी शाळा उभी. सासूबाईंना सगळं बेट बोऊ म्हणतं, म्हणजे आई. मीही तेच म्हणणार. नणंद झुनू सतरा वर्षांची, भलतीच आगाऊ. माझं नाव विचारलं आणि म्हणाली, नाव कुंतला आणि वेणी उंदराच्या शेपटीएवढी! मला हसूच आवरेना. माहेरची आठवण येईल असं वाटलं होतं, ती आलीच नाही.

९ जून
झुनूचा घसा धरलाय. मागे बोऊंची दाढ दुखत होती, तेव्हा बाजारातून कॅप्सूल आणल्या होत्या. दाढेचं दुखणं थांबलं तशा उरलेल्या त्यांनी फळीवर ठेवून दिल्या. औषध फुकट कशाला घालवायचं, म्हणून त्यातली एक झुनूला दिली. दुपारी कोळंबीचं कालवण होतं. संध्याकाळी पोरीच्या पोटावर, मांड्यांवर लाल गांधी उठल्या. मी चाचरत विचारलं, गोळीनं तर नसेल ना? बोऊ खळखळून हसल्या. म्हणाल्या, "सून आणलीय की डॉक्टरीण?" कोळंबी बाधली असं ठरलं. झुनूनंही आईचीच री ओढली. मी गप्प बसले.

१५ जून
रज सण. या दिवसांत पोरींनी कामाला हात लावायचा नाही, नुसते झोके घ्यायचे. झुनूनं मला इतकं उंच चढवलं की मी किंचाळले. घसा तिचा आपोआप बरा झाला. पण कोळंबीची इतकी धास्ती घेतलीय की वासानंही उठून जाते. म्हणाली, वहिनी, कोळंबी सोडायची तर चिलिकात जन्माला येऊन काय मिळवलं?

१ जुलै
झुनूला ताप होता. मी तळ्यावर धुणं घेऊन गेले. परत आले तर बोऊ तिच्या हातातून पाण्याचा पेला घेत होत्या. फळीवरची तीच गोळी पोटात गेली होती.

आज घरात कोळंबी नव्हती.

तळवे खाजतायत म्हणाली. मग ओठ सुजले. मग डोळे — मिटूनच गेले. तो चेहरा झुनूचा राहिला नव्हता. आवाज बसला. आणि छातीतून शिट्टी — प्रत्येक श्वासाला शिट्टी —

दवाखाना पैलतीरी. हे नाव सोडायला धावले. तिचं डोकं माझ्या मांडीवर. वारा समोरून. किनारा दिसत होता — जवळ येत नव्हता —

शिट्टी थांबली. मला वाटलं, आराम पडला.

२ जुलै
डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिनच्या जातीचं औषध. विचारलं, या औषधानं आधी कधी अंगावर उठलं होतं का? बोऊ नाही म्हणाल्या. मी हो म्हटलं. सगळे माझ्याकडे वळले.

डॉक्टर हळू आवाजात बोलले. एकदा असं उठलं की ते औषध बंद करून डॉक्टरला दाखवायचं. पुन्हा कुठलंही औषध घेण्याआधी ही गोष्ट सांगायची. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर कधीच घ्यायच्या नाहीत.

झुनू शेजारीच होती. चादरीखाली.

५ जुलै
घरात ती शिट्टी ऐकू येते. यांना नाही येत. चुलीपाशी — भिंतीपलीकडे — कान झाकले तरी —

७ जुलै
ती शिट्टी नव्हती, बोऊ होत्या. तोंडात पदर कोंबून रडतात. रडणं बाहेर येत नाही, नुसता श्वास —

८ जुलै
आज त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू सांगितलं होतंस. मी हसले."

मी त्यांचे हात धरले. गार होते.

मग म्हणाल्या, "पण भांडली का नाहीस गं माझ्याशी? झिंज्या उपटायच्या होत्यास माझ्या. त्या गोळ्या तळ्यात भिरकावायच्या होत्यास."

काय सांगू त्यांना? अंगाची हळद उतरली नव्हती माझ्या. नव्या सुनेनं —