टिकल्या मोडलेली कॅसेट

संत तुकाराम नगर, पिंपरी
११ सप्टेंबर २०२५

प्रिय रंभे,

सप्रेम नमस्कार. दिघीला भावाकडे तू बरी असशील, गुडघे फार छळत नसतील, असं धरून लिहिते.

कॉन्व्हेंटातून आले की टाय सोडायच्या आधीच मी पुनावळ्याला तुमच्या ओट्यावर येऊन बसायचे. तू शेंगा फोडत असायचीस. निम्मे दाणे सुपात, निम्मे माझ्या पिनाफोरच्या खिशात. "तने, तुमच्या सिस्टर लोकास्नी हसाया येतं का गं?" हे तू रोज विचारायचीस, आणि मी रोज "येतं की" म्हणायचे. आम्ही तुमचे भाडेकरू. बाबा कंपनीत, गाव लांब बीडकडे. आमची ती खोली मला आता नीट आठवत नाही. तुझा ओटा आठवतो.

बातमी अशी की मी हे घर सोडते आहे. ज्योतीरामना जाऊन चार वर्षं झाली, आणि वर्षाली आता आईला एकटं राहू देत नाही. तिनं फ्लॅट घेतलाय तो पुनावळ्यालाच, बाराव्या मजल्यावर. खाली गाड्या लावतात तिथं पूर्वी विहीर होती, असं वॉचमन म्हणाला. तुमचीच असावी.

नाशिक फाट्याजवळचा मोठा फलक तू पाहिलाच असशील. हिरवा पोपट, कानाला हेडफोन, खाली 'पोपट परत आला!' पाहून मान फिरवली असशील. मीही रिक्षात तेच केलं.

पोपट छाप कॅसेट! भोसरीतल्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ज्योतीराम शिफ्ट संपवून यायचे आणि कॅसेटवर कॅसेट उतरवायचे. वेष्टनावर मोठ्या गायिकेचा फोटो, आत कुठल्यातरी ऑर्केस्ट्रातली बाई. लोक दुकानात येऊन म्हणायचे, "शेठ, नाव पोपट आणि आमचाच पोपट केला की!" दोनदा पोलीस आले. तरी नाव चाललं. आता एका गाण्यांच्या ॲपच्या कंपनीनं ते नाव ज्योतीरामांच्या जुन्या भागीदाराकडून घेतलंय.

त्या कंपनीची तेजस्विनी नावाची मुलगी माझ्याकडे येऊन गेली. गोड आहे, चहा घेताना बशीसुद्धा वापरते. मी विचारलं, "अगं, एवढं बदनाम नाव कशाला घेतलंत?"

"मावशी, चांगली नावं कुणाच्या लक्षात राहतात?" ती म्हणाली. "आणि तुमची 'चावट हळद' म्हणजे कल्ट आहे! आम्हाला मिळालेली कॉपी फार घासलीय. मूळ कॅसेट असेल ना तुमच्याकडे? दसऱ्याला तिनंच सुरुवात करायची आहे. ती बाई कोण होती हो? काय बिनधास्त गायलीय!"

मी म्हटलं, आठवत नाही.

ती सोमवारी कॅसेट न्यायला येणार आहे. म्हणून हे पत्र आज.

आमच्या शाळेत कॅथलिक मुली पापनिवेदनाला जायच्या. एकदा मी फिलोमिनाला विचारलं, काय सांगतेस आत? ती म्हणाली, छोटी पापं आधी सांगायची, सावकाश. मोठं शेवटी, घाईघाईत, म्हणजे फादरचं लक्ष नसतं. मीही तसंच करणार होते. पण तुझं लक्ष असेल.

माझ्या हळदीला तू गायलीस. तुझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सगळ्या बायकाच होत्या, दार लावलेलं, आणि मी बाबांचा टेपरेकॉर्डर पाटामागे ठेवलेला. तू माझ्या सासरच्या एकेकाची नावं घालून घालून सोललीस. आणि मग कुणी मागितलंही नसताना आपल्या सासऱ्याचं नाव घातलंस,

सासरा माझा यशवंतराव,
न्हाणीमागं त्याचा गाव.

बायका हसून हसून लोळल्या. नंतर तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तने, ते पुसून टाक हां." मी हो म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन बारीक टिकल्या नखानं मोडल्या, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाला तिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही. तुझा आवाज जपावा म्हणून मोडल्या. हे खरं आहे. पण तुला मी पुसली म्हणून सांगितलं होतं, हेही खरं आहे.

ज्योतीरामनी न विचारता कॅसेट नेली, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. त्यांनी विचारलं होतं. नवीन संसार होता, नवरा पहिल्यांदाच काही मागत होता. मी म्हटलं, नावं तेवढी काढा. त्यांनी शेवट कापला, नावं ठेवली. नावांनीच तर खपली.

पुढचं तुला माहीत आहे. तुझा आवाज मावळात कुणाला ओळखू येणार नव्हता? तुमच्या ओट्यावर बैठक बसली. यशवंतराव फेटा सावरत म्हणाले, "पोरीनं चेष्टेत आमची अब्रू घालवली." तू खाली बघत होतीस. तुझे वडील माझ्याकडे वळले. "तने, तू व्हतीस न्हवं तिथं? पोरगी चेष्टेतच बोलली ना?"

मी मान हलवली. हो.

रंभे, मला माहीत होतं. विकताना त्यांनी कापलेल्या शेवटात, मूळ कॅसेटवर, बायकांच्या हसण्याच्या खाली, तुझा आवाज आहे. हळू, पण स्पष्ट. "हसू नगा गं. खरं हाय ते." बैठकीच्या आधी मी ते चार वेळा ऐकलं होतं. मूळ कॅसेट वाजवली असती तर ती माझ्याकडेच होती आणि मीच दिली हे उघड झालं असतं. म्हणून मान हलवली. माझ्या एका मानेनं तू खोटी ठरलीस. त्यांनी तुला तरीही नांदवलं नाहीच, आणि तू पुन्हा कधी गायली नाहीस. ओवीसुद्धा नाही, असं तुझी भावजय एकदा बाजारात म्हणाली.

हे तुला कळलं तर आपली मैत्री उरणार नाही म्हणून मी गप्प राहिले. मैत्री तशीही उरली नाहीच.

वर्षाली हे घेऊन येईल. सगळं नीट मोजून घे.

कॅसेट तुझी. बाबांचा टेपरेकॉर्डरही तुझा. चालतो. रेकॉर्डचं बटण घट्ट आहे, अंगठ्यानं जोर लाव. टिकल्या मोडल्या तरी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुसता येते. मलाही तेव्हा माहीत होतं. पट्टीचं रीळ डब्यात ठेवलंय. मी लावलेली नाही. पुसायची, ठेवायची, की कुणाला ऐकवायची, हे या वेळी मी ठरवणार नाही. यशवंतराव गेले, पण त्यांच्या फोटोला हार घालणारी माणसं आहेत.

बाजारात गेलेल्या कॅसेटी कुणाकुणाच्या घरी असतील. त्या माझ्या हातात नाहीत, आणि कंपनी त्या घासलेल्या कॉपीचं काय करील तेही मला सांगता येत नाही. मूळ कॅसेट मात्र त्यांना मिळणार नाही.

तेजस्विनीला दुकानाची पाटी आणि उरलेली कोरी वेष्टनं. नाव त्यांनी घेतलंय, ते त्यांना लखलाभ.

वर्षालीला या पत्राची नक्कल. मी तिला ती वाचायला सांगणार आहे, त्यात वडिलांचं पाप आहे आणि माझंही. ती दारात उभी राहिली तर पाणी दे. तिचा यात काही दोष नाही.

मला उत्तर नको.

खरं होतं ते, रंभे. मी ऐकलं होतं.

तनुजा