ओवाळणीची माती

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांस,
मोनिकाचा शि. सा. न.

फोन सोडून चिठ्ठी का, म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू जायला ओरडावं लागतं आणि आत्या शेजारच्याच खोलीत असतात. म्हणून रोज लासूरहून रेल्वेनं येणाऱ्या सुदर्शनजवळ ही देते आहे. आईला वाचून दाखवू नका, ती लगेच आत्यांना फोन लावेल.

आमच्या गच्चीवरची बाग तुम्ही पाहिलीच आहे. शहरातल्या इमारती उन्हात कमी तापाव्यात म्हणून आमची संस्था फुकट सल्ला देते, आणि संस्थेची पहिली गच्ची म्हणून मी हौसेनं आत्यांचीच इमारत निवडली. वाफ्यांत वीतभर नारळाचा भुसा आणि गांडूळखत, असं हलकं मिश्रण ठरलं होतं. पण इथं सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. भुशात कधी वांगं येतं का, म्हणून हसले आणि ज्यानं त्यानं आपल्या गावची काळी माती आणली. खालच्या सरदारभाईंनी करमाडहून, कुणी चितेगावहून. आत्यांना तर तुम्हीच ट्रॉलीभर पाठवलीत, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून. मी तेव्हा प्रशिक्षणाला पुण्यात होते. परत आले तर मेथी उगवलेली. मलाही कौतुकच वाटलं, मी फोटो काढत बसले.

काळी माती पाणी पिऊन किती जड होते ते तुम्हाला सांगायला नको. इथं झड लागली आहे. शनिवारी आत्यांच्या पलंगावर छताच्या गिलाव्याचा मोठा पोपडा पडला. नशीब, त्या दळणाला गिरणीत गेल्या होत्या. आमचे प्रमुख अबुजर सर इंजिनियरला घेऊन आले. आत्यांच्या खोलीवर छताला तडा गेलाय, माती उतरेपर्यंत तिथं कुणी झोपायचं नाही, असं त्यांनी बजावलं. बाकीच्यांनी आपापली माती उतरवली. आत्या मात्र आपल्या खोलीवरच्या वाफ्याला हात लावू देत नाहीत, आणि झोपतात त्याच पलंगावर. "माझ्या भावाच्या शेतातली माती हाय ती. माझ्याच अंगावर पडंल व्हय?" म्हणाल्या.

मला फार भीती वाटते, अण्णा. पाऊस वाढला की ऑफिसात लक्ष लागत नाही. तुमचं त्या ऐकतील. तेवढं करा.

तुमची
मोनिका


लासूर स्टेशन
मंगळवार, १९ ऑगस्ट

चि. मोनिकास, अ. उ. आ.

चिठ्ठी सुदर्शनच्या हातातून तुझ्या आईनंच घेतली, तेव्हा लपवाछपवी तिथंच संपली. ती सकाळपासून देवापुढं बसून आहे.

तुझ्या संस्थेला काय म्हणावं ते मला कळत नाही. घरं थंड करायला निघालात आणि माझ्या बहिणीच्या डोक्यावर डोंगर ठेवलात. माती मी पाठवली, खरं आहे. पण ती छताला पेलते का, हे बघणं तुमचं काम. रागावू नकोस, जीव थाऱ्यावर नाही म्हणून लिहितो.

ताईला फोन केला होता. दिलेली ओवाळणी परत मागतोस का, एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. आता तूच सांग, पुढं काय बोलू? आमचे वडील गेल्यावर तिनं जमिनीतला वाटा सोडून दिला, हक्कसोडपत्रावर मुकाट सही केली. त्यानंतर कधी साडीचोळीवरून रुसली नाही. गेल्या भाऊबीजेला पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं, तेही माती. मी विहिरीजवळची निवडून पाठवली. ती आता कुठल्या तोंडानं उचलू?

शुक्रवारी पोळा आहे. बैलांचं उरकलं की शनिवारी ट्रॉली घेऊन येतो. तोवर तू तरी त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

तुझे
अण्णा


गारखेडा
बुधवार, २० ऑगस्ट

ती. अण्णांस, शि. सा. न.

पोळ्याची वाट पाहू नका. तडा आता पंख्याच्या हुकापर्यंत आलाय. इंजिनियरनी खोलीत लोखंडी टेकू लावले, तर आत्यांनी त्यावर टॉवेल वाळत घातला. सरदारभाईंच्या जाहेदाभाभींनी तळमजल्यावर खोली रिकामी करून दिली आहे. आत्या तिथं चहा पितात आणि परत वर येतात.

दोन सोसायट्यांनी आमचं काम थांबवलंय. हिरव्या गच्च्या म्हणजे धोका, असं लोक बोलू लागलेत. अबुजर सर म्हणाले, संस्थेचं नाव जाऊ दे, आधी बाईंना बाहेर काढ. मला दुसरं काही सुचलं नाही. तुमचा शब्द मोडते आहे, पण आजपासून मीही आत्यांच्या पलंगाशेजारी खाली अंथरूण टाकणार आहे. उद्याच निघा. बैलांना आई ओवाळेल.

मोनिका


गारखेडा, जाहेदाच्या घरून
गुरुवार, २१ ऑगस्ट

चि. अण्णास,
तुझ्या ताईचा आशीर्वाद.

तुम्हा बापलेकीच्या चिठ्ठ्या चालल्यात ते मला ठाऊक आहे. सुदर्शनच्या पोटात काही राहत नाही.

काल पोरगी उशी घेऊन आली आणि बरोबर तड्याखाली झोपली. मी म्हटलं सरक, तर म्हणाली, आत्या तुम्ही उठा, मग मी सरकते. हट्टाला आपल्याच घराण्यावर गेली आहे. बाहेर पाऊस कोसळत होता. मी आपली वर बघायची, मग तिच्या तोंडाकडं बघायची. माझं काय, माझं वय झालं. तिच्या अंगावर काही पडलं असतं तर मी कुणाच्या दारात उभी राहिले असते? डोळ्याला डोळा लागेना. शेवटी उठले, तिला हाताला धरलं आणि खाली आले.

सकाळी संस्थेची माणसं बोलावली. माती मी माझ्या हातानं गोण्यांत भरली. तो अबुजर फावडं मागत होता, मी दिलं नाही. वाफा मोकळा झाला तसं रडू आलं, तेवढं रडले.

आता ट्रॉली घेऊन ये. पण नीट वाच. ओवाळणी मी परत देत नाही, जागा बदलते. गोण्यांबरोबर मीही ट्रॉलीत बसणार. विहिरीजवळ जिथून उचललीस तिथंच ती पसरायची, आणि तेवढी जागा माझी. सातबाऱ्यावर नाव नको मला. मी वांगी लावीन, आणि मी आहे तोवर तिथं तुझा नांगर चालायचा नाही. वहिनीलाही आधीच सांगून ठेव.

कबूल असेल तर उद्या पोळ्याला आपण एकत्र जेवू. नसेल तर येऊ नकोस. जाहेदाच्या ओट्यावर गोण्यांना जागा आहे, आणि मलाही.

लोभ आहेच. वाढवायचा का, ते आता तू बघ.

तुझी ताई
आशा