होडीच्या दोराचं कडं

९ डिसें. ८३, येलदरी
सकाळी धरणाच्या पाण्याची पट्टी वाचली, वहीत मांडली. सुशी माहेरी वालूरला जाऊन आज एकवीस दिवस. दोन भाकरी केल्या. एक जाड, एक जळकी. दोन्ही मीच खाल्ल्या, नावं कोणाला ठेवू?

१० डिसें.
खरं काय ते एकदा लिहूनच टाकतो. क्वार्टर अल्याड, एस्टी पल्याड, मधी पाणी. होडीच्या नाकाला लोखंडी कडी, त्यात घासून घासून दोर चिरलेला. "अहो, दोर गेला बघा," आठ दिवस सांगायली होती. मी वरून सुतळी गुंडाळली. चीर झाकली, एवढंच. त्या दिवशी पल्याड जायला ती होडीत बसलेली. मी सवयीनं वल्ही काढून घेऊन पट्टी वाचायला गेलो, चोरीला जातात म्हणून. दोर तुटला, वारा सुटलेला. तीन तास बाई पाण्यावर, हातात वल्हं न्हाई. वल्हवायला माझ्यापेक्षा चांगली, पण कशानं वल्हवणार? कोळ्यांनी आणली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच होडीतून गेली, माझ्या न्हाई.

१३ डिसें.
जिंतूरहून खोबणीचं लोखंडी कडं आणलं. दोराच्या टोकाला फास करायचा, त्याच्या आत हे बसवायचं. मग घासायचं ते लोखंड घासतं. दोर अंबाडीचा, बारीक. बापानं शिकवलं तसा आधी भिजवला, पेड सोडले, कड्याभोवती वळवून परत दोरात विणले. टच्च बसलं! सुशीला कार्ड टाकलं, दोर पक्का केला म्हणून.

१५ डिसें.
दोर उन्हात वाळला आन् कडं टुणकन खाली पडलं. एकटाच हसलो. मग रडू आलं. कार्ड तर गेलं, आता ते बी खोटं.

१६ डिसें.
नबीचाचा काठावर जाळं सुकवायले होते. कडं दाखवलं.
"गिल्ली रस्सी में बिठाया? सुकी तो निकलेगाच ना! खेतवाला है रे तू."
खरंय, चऱ्हाट वळायची सवय, हात आधी पाण्यात. चाचांनी कोरड्या दोरात ठोकून बसवायला लावलं, कड्याच्या गळ्याशी सुतळी ओवून आवळायला लावली. चार वेळा उसवलं. बोटं सोलली. पण दिवसभर कोणीतरी बोलायलं होतं, बरं वाटलं.

२० डिसें.
दोर दोन दिवस पाण्यात, दोन दिवस उन्हात. कडं हललं न्हाई.
तिचं कार्ड आलं. "जयभीम. भाऊ नामांतराच्या मोर्चाला औरंगाबादेस गेला हाय. तो आला की यायचं का ते बघीन. सुतळी गुंडाळली तवा बी तुमी दोर पक्का हाय म्हणला होता."
म्हणलो होतो.

२२ डिसें.
होडी पल्याड एस्टीच्या थांब्याखाली बांधून आलो. वल्ही आतच ठेवली, दोन्ही. परत येताना चाचांच्या होडीत. "चोरी जाएंगे," म्हणले. जाऊ द्या.
कार्डावर एवढंच: होडी थांब्याखाली हाय, वल्ही आत. कडं तू स्वतः ओढून बघ.
आता तिनं आणल्याशिवाय होडी न्हाई. लय एकटं वाटायलंय. पट्टीला बी हे सांगून झालं.

२७ डिसें.
सकाळी वारा लय. होडी इथून दिसती, दोर ताणून उभी होती. चार वाजता एस्टी थांबली, गेली. धुळीत कोण उतरलं ते कळलं न्हाई. पीठ दोघांपुरतं भिजवलंय, उगंच.
वारा दुपारीच पडला. होडी मात्र हलायलीय. चष्मा पुसून परत बघतो.