बेबीचा पहिला शब्द

६ मे १९३४, रवि. चौल.
पोचलो एकदाचे मामांच्या वाडीत. मुंबई ते रेवस लाँच, पुढे बैलगाडी. लाँचवर वसू अखंड बोलत होता, मग ह्यांच्या नव्या कोटावर ओकला. बेबी मांडीवर गप्प. तीन वर्षं पुरी झाली, अजून एक शब्द नाही. ऐकू येतं, कळतं सगळं. सासूबाई माझ्याकडेच बघून उसासे टाकतात. निघताना म्हणाल्या, समुद्राच्या हवेने मुलं तोंड उघडतात. वसूने उघडलं.

८ मे, मंगळ.
हे शाळेत संस्कृत शिकवतात, तेव्हा सुट्टीतही वर्ग. सकाळी बेबीला पोफळीखाली बसवून "अ, आ, इ". ती ह्यांच्या तोंडात बघत राहते. सहा वर्षांचा वसू तिच्या वतीने उत्तरं देतो. त्याला वर्गाबाहेर काढलं.

१० मे, गुरु.
गाडीतून समुद्रावर. गाडीवान धोंडूचा एक बैल अडेल, वाटेत फतकल मारतो. धोंडू वाटभर त्याच्याशी बोलत असतो. बेबीला धोंडूशेजारीच बसायचं. हे म्हणाले, भाषा अशुद्ध आहे, मागे घे तिला. घेतली, तर रडून आकांत. पुन्हा पुढे.

१३ मे, रवि.
संध्याकाळी हे ओटीच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. बेबीला अंगणात उतरायचं होतं. वाट नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि खणखणीत म्हणाली,
"उठ की रं मुडद्या."
मी पोळपाट टाकून धावले. मामी देवघरातून. हे तसेच, चष्मा कपाळावर. वाटलं, आता हात उगारणार. तर अगदी हळू म्हणाले, "पुन्हा म्हण, बाळ."
म्हणाली. ह्यांच्या डोळ्यांना धार. माझ्याही. वसूने विचारलं, मीपण म्हणू का. नको म्हटलं.

१४ मे, सोम.
हे दिवसभर दिसेल त्या दारात बसतात, म्हणजे तिने उठवावं. मामी कुरकुरल्या, पण जावई पडले. दुपारी बेबी मामांनाही म्हणाली. धोंडूला कळलं, तो बिचारा शरमून गेला. "बैलाशी बोलताना ध्यान ऱ्हात न्हाय, बाय." ह्यांनी त्याला ओटीवर बसवून स्वतः आमरस वाढला.

१७ मे, गुरु.
सासूबाईंना काय सांगायचं? हे म्हणतात, "उठ" म्हणाली असं सांगू. ते क्रियापद, पुढचं संबोधन गाळलं तरी चालतं. बेबी गाळत नाही.

२० मे, रवि. लाँचवर.
रेवसला धोंडूची गाडी वळली, तेव्हापासून बेबी गप्प. एक अक्षर नाही. शेवटी हे टोपी काढून वाटेत मधोमध बसले. लोक बघताहेत, खलाशी उठा म्हणतोय, हे ढिम्म. बेबी समोर उभी. ओठ हलले, आणि नेमका लाँचचा भोंगा झाला.
हे शपथेवर सांगतात, "बाबा" म्हणाली. ओठ मिटले ते मीही पाहिले. पण "मुडद्या" म्हणतानाही मिटतातच.