अर्धी गोळी

वालूर,
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. बायनास मालनअक्काचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

माझी तीन महिन्यांची साखर साडेनऊ आली. डॉ. मनिषाताईंनी आज स्वतः फोन करून सांगितलं. जुळ्या बहिणींच्या अभ्यासासाठी आपल्या दोघींचं रक्त नेलं होतं, त्याच या ताई. गेल्या वेळेपेक्षा आकडा वाढलाच. गोळी रोज घेता ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. रोज घेते म्हणाले, आणि ते खरंच आहे.

पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, असं ताई म्हणाल्या. मुलांना अजून बोलले नाही.

तुझ्या वाट्याचे गोळ्यांचे अर्धे तुकडे बंद पुडीत बांधलेत, माझा सिद्धोधन पूर्णेला कामावर येईल तेव्हा देईल. लहानपणी एकीला ताप आला की माय दोघींनाही काढा पाजायची आणि दोघीही बऱ्या व्हायचो. म्हणून अक्काला साखर म्हणजे मलाही होणारच, असं म्हणत तू अर्धा वाटा मागितलास तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. तुझा रिपोर्ट चांगला कसा, असं सूनबाई विचारते. तिला सांगितलं, मावशी माझ्याहून लय गोड खाते, फक्त सापडत नाही.

तुला मधेच घाम फुटतो म्हणालीस, ते उन्हाचंच आहे ना? लगेच कळव.

तुझी वाट बघणारी,
मालनअक्का


चुडावा,
१० ऑक्टोबर २०२४

ती. मालनअक्कास बायनाचा जयभीम व नमस्कार. वि. वि.

ऊन नव्हतं गं. मंगळवारी सोयाबीन काढताना हातपाय थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पेंढ्यांवरच बसले. बायांनी गुळाचं पाणी पाजलं. ह्यांनी गाडीवर घालून पूर्णेच्या दवाखान्यात नेलं, तर साखर अठ्ठेचाळीस! साखर नसलेल्या बाईची साखर इतकी उतरते कशी, म्हणून डॉक्टर चक्रावले. मनिषाताईंना फोन लावला. त्यांनी विचारल्यावर मी सरळ सांगितलं की अक्काची अर्धी गोळी घेते. हे तिथंच डोक्याला हात लावून बसले.

ताई आधी रागावल्या, मग नीट समजावलं. आपल्या दोघींची जनुकं जन्मापासून एकसारखी, अजूनही तशीच. पण वय, खाणं, झोप, आजारपण यांमुळं त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसत जातात. त्याला मिथिलीकरण म्हणतात. जनुक तेच राहतं, पण खूण बसली तर काही ठिकाणी त्याचं काम मंद पडतं. साखर सांभाळणाऱ्या काही जनुकांवर तुझ्या आणि माझ्या खुणा वेगळ्या निघाल्या. खुणांमुळं साखर वाढली की साखरेमुळं खुणा बसल्या, हे त्यांनाही अजून ठाऊक नाही. पण दोघींना एकच औषध चालणार नाही, हे पक्कं.

मी पडले त्याचं काही नाही. तुझा अर्धा इलाज मी गिळत होते, हे मनातून जाईना. भांड, पण अबोला धरू नकोस.

तुझीच,
बायना


वालूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. बायनास जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

वेडे, पडलीस आणि दोन दिवसांनी पत्र टाकतेस! फोन करायचा नाही होय? मी घाबरेन म्हणून केला नसशील. घाबरलेच.

तुझं पत्र वाचून रडले, मग हसूही आलं. वालूरच्या बाजारात अजूनही कोणी मला बायना म्हणून हाक मारली की मी ओ देते. इतक्या वर्षांत आपल्याला वेगळं ओळखलं ते आपल्या रक्तानं. ताईंनी मला मागचं सगळं विचारलं. तुझे भाऊजी अंथरुणाला खिळले होते तेव्हाची जागरणं, आमच्या दुकानात दिवसभर बसून खाल्लेली भजी, काही लपवलं नाही. तेव्हा तू शेतात राबत होतीस. ते दिवस कुठं अर्धे अर्धे वाटले आपण?

सिद्धोधनला अंगठ्याचं सांगितलं. तो चिडला, मग स्वतः जखम धुऊन पट्टी बांधू लागला. परवापासून अख्खी गोळी मीच घेते, सूनबाई समोर उभी राहते.

येत्या सोमवारी परभणीला अंगठा दाखवायचा आहे. औषध पूर्ण गेलं तर जखम भरेल अशी ताईंना आशा आहे, खात्री त्या देत नाहीत. तू चुडाव्याहून रेल्वेनं ये, मी सिद्धोधनबरोबर येते. डॉक्टर पट्टी सोडतील तेव्हा माझ्याच्यानं बघवणार नाही. तू बघ आणि मला सांग.

माया कमी करू नकोस.

तुझी,
मालनअक्का