अठ्ठेचाळीस सेकंदांचं गाणं

३ मार्च

चि. धडधडीस,

अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं. अर्धं पान तिची तब्येत आणि दीड पान तुमचा बँड. तू ड्रम बडवतेस, तुझा दादा गिटार वाजवतो आणि एक मुलगा माईक तोंडात घालून किंचाळतो, असं ती लिहिते. मी तुमचे कान उपटावेत अशी तिची अपेक्षा आहे. मला मात्र राग यायच्या आधी कुतूहलच वाटलं. चाळीस वर्षं मी घड्याळं कानाला लावून दुरुस्त करतोय. एवढा आवाज मुद्दाम करणारी माणसं आपल्याच घरात निघतील असं वाटलं नव्हतं.

तेव्हा नीट सांग. याला हार्डकोर म्हणतात म्हणजे काय? ओरडणाऱ्याचा घसा दुसऱ्या दिवशी कसा असतो? गाणं मिनिटाच्या आत संपतं हे खरं का, आणि संपलं हे लोकांना कळतं कसं? एखादी कॅसेट पाठव. आईला सांगू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव. आवाज आहे तेवढा पुरे.

तुझा मामा

१९ मार्च

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ड्रमवर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून पुरेवाट झाली. आता नियमच केलाय, तुमचं पत्र सरावाच्या आधी फोडायचं नाही.

आम्ही एका बंद पडलेल्या लाँड्रीत वाजवतो. माझे ड्रम दोन मोठ्या वॉशिंग मशीनच्या मधे बसतात. दारावर ‘ढकला’ लिहिलंय, तेच बँडचं नाव. गायकाला आम्ही भोंगा म्हणतो. तो पोस्टात दिवसभर शिक्के मारतो आणि कुणाशी चकार शब्द बोलत नाही. त्याचा घसा तिथेच विश्रांती घेतो. बेस वाजवणारा औषधांच्या दुकानात आहे, म्हणून तो कंपाउंडर. दादा लाकडाच्या कारखान्यात रंधा मारायच्या मशीनवर आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. हार्डकोर म्हणजे दिवसभर गिळलेलं सगळं एका मिनिटात बाहेर काढायचं. पुढचे लोक एकमेकांना ढकलतात, पण कुणी पडला की सगळे मिळून आधी त्याला उचलतात. गाणं संपल्याचं कळतं, कारण एकदम शांत होतं.

पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यात चार आम्हीच. परवा दोनशे होती, आणि ऑक्टोबरात तीन शहरांतून बोलावणं आलंय. कॅसेट पाठवते. ‘रांग’ ऐका, ते मी लिहिलंय.

माया असू द्यावी, कानात कापूसही असू द्यावा.

तुमची धडधड

११ ऑगस्ट

चि. धडधडीस,

अ. उ. आ.

मार्चची, मेची आणि जुलैची, तिन्ही कॅसेटी पोचल्या. पहिल्यांदा ऐकताना चहा सांडला. दहाव्यांदा ऐकताना पाय हलायला लागला. ‘रांग’ मला मनापासून आवडलं, हे आईपासून लपवायच्या यादीत घाल.

सवयीप्रमाणे स्टॉपवॉच लावलं. मार्चमध्ये ‘रांग’ अठ्ठेचाळीस सेकंदांचं आहे, मेमध्ये एक्कावन्न, जुलैमध्ये छप्पन्न. मला गंमत वाटली, म्हणून कागदावर ठोके मांडून पाहिले. नंतरच्या दोन्हींत दुसऱ्या कडव्यापासून दर ओळीच्या तोंडाशी तू केसभर थांबतेस. गिटार येते आणि मग तू पुन्हा सुटतेस. घड्याळात असं दिसलं की मी समजतो, एका चाकाचा दात झिजलाय आणि बाकीची चाकं त्याला सांभाळून घेतायत. तुमच्या गिटारवाल्या साहेबांकडे जरा लक्ष दे. आळशी झाले की काय?

उत्तर लवकर धाड, कोडं सुटल्याशिवाय चैन पडायचं नाही.

तुझा मामा

४ सप्टेंबर

चि. धडधडीस,

अ. उ. आ.

तुझं उत्तर नाही. तुझ्या आईचं आलं. बँड बंद झाला, दादा तुझ्याशी बोलत नाही आणि जेवायला वेगळा बसतो, असं कळलं. हे माझ्या पत्रानं झालं का? खरं काय ते लिही. मला फार लागून राहिलंय.

मामा

२० सप्टेंबर

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

ती लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तुमचं पत्र ती मोठ्यानं वाचत होती आणि मधेच अडली. भोंग्यानं कागद ओढून घेऊन पुढचं वाचलं. मग सगळ्यांनी माझा हात बघितला. कंपाउंडरनं माझ्या दोन बोटांना टाचणी लावली, मला कळलं नाही. भोंगा म्हणाला, तीन शहरांपुरता दुसरा गिटारवाला घेऊ. हिनं काठ्या खाली ठेवल्या आणि दुसरी ड्रमरही शोधायला सांगितली. बँड तिथेच संपला.

माझा राग तुमच्यावर नाही, भोंग्यावरही नाही. ही चार-पाच महिने माझ्यासाठी थांबत राहिली आणि मी समजत होतो की मी वेळेवर आहे. बोटांना मुंग्या यायच्या, पण गाणं जुळतंय म्हणजे हात ठीक आहे असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या थरथरीनं होतं हे; आणखी वर्षभर त्या मशीनवर राहिला असतात तर बोटं गेली असती. मला आता गोदामात घेतलंय. म्हणजे तुमचं पत्र आलं ते बरंच झालं. पण तिनं मायेनं केलेल्या गोष्टीचा राग येतो, हे तिला सांगायचं कसं? तुम्हाला सुचलं तर कळवा.

आशीर्वाद असावा, हाताला विशेष.

आपला भाचा

२९ ऑक्टोबर

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दादाला काय लिहिलंत ते तो सांगत नाही. पण पत्र आलं त्या संध्याकाळी तो माझ्या ताटासमोर येऊन बसला आणि सगळं बोलला. मी खूप रडले. मला वाटायचं, मी त्याला सांभाळतेय. शेवटी तो म्हणाला, भोंग्याशी बोलून ठेवलंय, लाँड्रीतच एकदा शेवटचं वाजवू, पण एका अटीवर: “माझ्यासाठी थांबायचं नाही.”

काल वाजवलं. दार ढकलून इतके लोक आले की दोघं-तिघं वॉशिंग मशीनवर चढून बसले. शेवटी ‘रांग’ घेतलं. दुसऱ्या कडव्याशी माझे हात आपोआप अडायला लागले, पण मी दात-ओठ खाऊन पुढे गेले. दादा मागे पडला. सगळ्यांना ऐकू गेलं. मला मान वर करवेना. केली तेव्हा तो माझ्याकडे बघून हसत होता, आणि उरलेल्या धड बोटांनी चुकत, धावत मागून येत होता.

कॅसेट सोबत आहे. मी मोजलेलं नाही, पण आमचं गाणं अठ्ठेचाळीस सेकंदांतच संपलं असणार. त्यानंतर गिटार एकटीच थोडी वाजते. तो दादा आहे. तेवढं होईपर्यंत स्टॉपवॉच थांबवू नका.

लोभ आहे तस्साच ठेवावा.

तुमची धडधड